बसऱ्यातल्या आईसाठी काढलेले फोटो

हे सगळं मॅडममुळे झालं, ते आधी लिहून टाकतो. नाहीतर सांगण्याच्या ओघात मीच काहीतरी मोठं काम केलं असं वाटायला लागेल, आणि ते खरं नाही. मॅडम नागपूरच्या. अल ऐनच्या एका मोठ्या इस्पितळात त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांचं नाव मला इथे घालायचं होतं. फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "नाव कायले टाकतो रे भाऊ? मी काय निवडणुकीला उभी हाव?" म्हणून नाव नाही. मी त्यांना कायम मॅडमच म्हणत आलो, इथेही तेच.

मी संगमेश्वरकडचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. घरात आणखी एक कमावता हात हवा होता, आणि वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. अजूनही एखाद्या ऑफिसच्या दारात उभा राहिलो की आधी चपला बघतो, स्वच्छ आहेत ना म्हणून. नव्वदच्या दशकात गावातल्या एकाच्या ओळखीने दुबईला गेलो. रास अल खोरला गोदामात पेट्या उचलल्या. मग पाठ धरली, तेव्हा त्याच ओळखीतून अल ऐनच्या एका फोटो स्टुडिओत लागलो. मालक केरळचे, त्यांना सगळे इक्का म्हणायचे. इक्कांनी मला झाडलोटीला घेतलं आणि हळूहळू कॅमेऱ्यामागे उभं केलं.

आमचं मुख्य काम व्हिसाचे फोटो. पण शुक्रवारी लेबर कॅम्पमधली माणसं यायची, घरी पाठवायला फोटो काढायला. खिळ्याला एक काळा कोट होता आणि इलॅस्टिकचा टाय. तो एकच कोट अल ऐनच्या निम्म्या गवंड्यांनी घातला असेल. मीही घातला होता. संगमेश्वरच्या घरात भिंतीवर मी त्याच कोटात आहे. आणि आमची खासियत म्हणजे जोड-फोटो. नवरा इथे, बायको गावाला. तिचा फोटो पाकिटातून यायचा, आम्ही याचा काढायचो, आणि दोघांना एका फ्रेममध्ये शेजारी बसवायचो. आधी कात्रीने आणि ब्रशने, पुढे कॉम्प्युटर आल्यावर त्याच्यावर. यात माझा हात चांगला बसला होता. एकदा तर एका माणसाच्या मांडीवर त्याने कधी न पाहिलेला मुलगा बसवून दिला होता. तो माणूस फोटो हातात धरून किती वेळ काउंटरपाशीच उभा होता.

मॅडम पहिल्यांदा आल्या त्या मुलीचा व्हिसाचा फोटो काढायला. मुलगी दहा-बारा वर्षांची, तोंड फुगवून बसलेली. मी दिवा सरकवता सरकवता स्वतःशीच पुटपुटलो, "ही काय हसायची नाय बाबा."

"माझ्यासमोरही नाही हसत," मागून आवाज आला. मराठीत. मला घाम फुटला.

"मम्मा, व्हॉट डिड ही से?"

"तू गोड दिसतेस म्हणाला," मॅडम म्हणाल्या. मुलगी हसली आणि मी बटण दाबलं.

त्या वर्षी, म्हणजे २००३ला, इराकमध्ये लढाई सुरू झाली होती. जखमी झालेली तरुण पोरं उपचाराला मॅडमच्या इस्पितळात आणली होती. इराकची होतीच, त्याआधीपासून पॅलेस्टाईनची आणि सोमालियाची काही होती. कुणाचा हात भाजलेला, कुणाचा पाय गेलेला. सोबत एखादा काका, एखादी मोठी बहीण. महिनोन्महिने ती पोरं एकाच वॉर्डात. त्यांच्या कागदपत्रांसाठी फोटो हवे होते म्हणून मॅडमनी मला बोलावलं. तिथे एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती, भाजल्यामुळे बोटं आखडलेली. मी खिशातला छोटा कॅमेरा पलंगावर ठेवून पडदा लावत होतो, तेवढ्यात टक् असा आवाज झाला. तिने कॅमेरा उचलून माझाच फोटो काढला होता.

मॅडम दारातच उभ्या होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ती मूठ उघडावी म्हणून मी रोज तिच्या मागे लागते. तुझ्या कॅमेऱ्यासाठी उघडली. यांना फोटो काढायला शिकवशील?"

"मी?"

"मग काय, मी शिकवू?"

"मॅडम, मी नववीपण पास नाही. मला अरबी येत नाही. माझा व्हिसा स्टुडिओचा आहे, कुणी पकडलं तर..."

"किती घाबरतो रे! परवानगीचं मी बघते. इक्कांशी मी बोलते. तू फक्त ये."

आणि खरंच त्या बोलल्या. इस्पितळाची रीतसर परवानगी आणली. इक्कांना स्टुडिओत येऊन सांगितलं की शुक्रवारी सकाळी दुकान उघडेपर्यंत हा माझा. इक्का म्हणाले, "ले जाओ मॅडम, वैसे भी ये सुबह खाली चाय पीता है." मॅडमनी ओळखीपाळखीतून जुने फिल्मचे कॅमेरे गोळा करून आणले. फिल्म धुऊन द्यायचं इक्कांनी आपणहून कबूल केलं. खोलीवर माझ्या सोबत्यांनी जे सुरू केलं ते वेगळंच. "अरे, मास्तर आले, मास्तर! उठा, नमस्ते करा!" एक जण म्हणाला, "नववीवाला मास्तर म्हणजे दहावीची पोरं नापास करणार बघ." मी हसलो, पण त्या आठवड्यात जेवण जात नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी माझ्यासमोर पाच-सहा पोरं. कुणी खुर्चीत, कुणी पलंगावर. मी तोंड उघडलं आणि शब्दच येईनात, अगदी नववीतल्यासारखं. मग जे रोज बोलतो तेच बोललो. "शुवय्या फोक... शुवय्या तहत... सीदा." जरा वर, जरा खाली, सरळ. हा 'सीदा' आपलाच, तिकडच्या बोलीत जाऊन बसलेला. एक पोरगा जोरात हसला. इराकमधल्या बसऱ्याचा होता, अठरा वर्षांचा. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"अरे उस्ताद," तो म्हणाला, "तुझं अरबी म्हणजे सर्दी झालेला उंट." सगळे हसले. मॅडमनी मला अर्थ सांगितला, तेव्हा मीही हसलो. उस्ताद म्हणजे शिक्षक. साइटवर गवंड्याला उस्ताद म्हणतात, तेवढंच मला ठाऊक होतं. त्याचं बोलणं अरबी, माझं हिंदी-अरबीची खिचडी, आणि अडलं तिथे मधे मॅडम. इथे मी सगळं मराठीतच लिहितोय.

पहिल्या फिल्मा धुतल्या आणि माझं मन खट्टू झालं. सगळे फोटो छताचे. छत, ट्यूबलाइट, सलाइनची बाटली, ताटलीतलं अर्धं खाल्लेलं केळं. मी मॅडमना म्हणालो, "फुकट गेली फिल्म. काही शिकले नाहीत." मॅडमनी सगळे फोटो टेबलावर पसरले आणि बराच वेळ बघत राहिल्या. "भाऊ, ही पोरं दिवसभर उताणी असतात. त्यांना हेच दिसतं. मी इतकी वर्षं त्यांच्यावर वाकते, पण वर काय आहे ते मी कधी बघितलं नव्हतं." त्या दिवसापासून मी चांगला फोटो, वाईट फोटो म्हणायचं बंद केलं. नुसतं विचारायचो, हा का काढला? आणि पोरं सांगायला लागायची. आखडलेल्या बोटांची ती मुलगी, कुणाशी न बोलणारी, आपल्या फोटोतल्या केळ्यावर किती तरी वेळ बोलली. घरी भाऊ तिच्या वाट्याचं केळं पळवायचा. हे केळं तिने अर्धंच खाल्लं होतं, बाकीचं त्याच्यासाठी.

बसऱ्याचा पोरगा सगळ्यांचे फोटो काढायचा, पण कॅमेरा कधी स्वतःकडे वळवायचा नाही. कारण मॅडमनी सांगितलं. त्याची आई बसऱ्यालाच होती. काका त्याला घेऊन आले होते. पायाला लागलंय, प्लास्टर आहे, एवढंच तिला माहीत होतं. पाय नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. फोन लागला की हा सांगायचा, प्लास्टर निघालं की येतो. आणि आता त्यांच्या ओळखीचा एक माणूस गाडीने बसऱ्याला निघणार होता, तीन आठवड्यांनी. आईने निरोप पाठवला होता, पोराचा एक फोटो दे, उभा असलेला, पूर्ण.

मॅडम एकदा पोरांना स्टुडिओ दाखवायला घेऊन आल्या. हा चाकाच्या खुर्चीत. काचेच्या कपाटातले जोड-फोटो बघत बसला. "हे दोघं एका देशात नव्हते?" त्याने विचारलं. मी मोठ्या खुशीत सगळं समजावलं, कसं जोडतो, कसा सांधा लपवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उस्ताद, मला एक पाय जोडून दे."

मी मॅडमकडे बघितलं. वाटलं, त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतो? त्याने तुला विचारलं."

आमच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. इस्पितळाच्या अंगणात सकाळच्या उन्हात त्याचा फोटो काढला, कुबड्या घेऊन उभा. कॉम्प्युटरवर डावा पाय उलटा करून उजवीकडे बसवला, पॅन्टच्या चुण्या बदलल्या, कुबड्या पुसल्या, हात खिशात गेल्यासारखे केले. इक्का मागे येऊन बघून गेले आणि म्हणाले, "कमाल किया." मलाही तसंच वाटलं. शुक्रवारी प्रिंट त्याच्या हातात दिली.

त्याने बघितली आणि एकदम हसायला लागला. असा की शेजारच्या पलंगावरचे वळून बघायला लागले. "उस्ताद, खाली बघ."

खाली जमिनीवर त्याची सावली होती. एक पाय आणि दोन कुबड्या.

स्टुडिओत आम्ही दोन्ही बाजूंनी दिवे लावतो, सावली पडूच देत नाही. इतकी वर्षं बिनसावलीचे फोटो केलेल्या माझ्या डोळ्यांना ती दिसलीच नव्हती. मी म्हणालो, "अर्ध्या तासाचं काम, पुसून आणतो."

तो हसायचा थांबला. "नको. फोनवर खोटं बोलतो, ते जमतं. फोन ठेवला की संपलं. फोटो ती भिंतीला लावेल. रोज बघेल."

"मग पाठवूच नको."

"ती मागतेय. माणूस जातोय." त्याने प्रिंट उपडी केली. "खरा फोटो बघून तिला काही झालं तर? घरी ती एकटी आहे. आणि तोंडाने मी सांगू शकत नाही. खूप वेळा ठरवलं. हॅलो म्हटलं की पुन्हा प्लास्टरचंच सांगतो."

मॅडम त्याच्या पायाला, म्हणजे उरलेल्या पायाला, मालिश करत होत्या. मला राहवेना, म्हणून मी आपलं सांगायला लागलो. आमच्या गावी वाईट बातमीची तार आली की एकदम सांगत नाहीत. कुणीतरी शेजारचा येतो, आधी पाणी मागतो. पिकापाण्याचं बोलतो. मग म्हणतो, अमक्याची तब्येत जरा बरी नाही म्हणे. मग, दवाखान्यात नेलंय. मग, तुम्हाला बोलावलंय. माणसाला चौथ्या वाक्याला कळलेलं असतं, पण तोवर तो खाली बसलेला असतो, आणि शेजारी कुणीतरी असतं.

मॅडम अरबीत सांगता सांगता मधेच थांबल्या. "आमच्याकडेही असंच," त्या मला म्हणाल्या, आणि पुन्हा त्याला सांगायला लागल्या.

"आमच्याकडे आधी कॉफी करतात," तो म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. "फिल्म आहे?"

तो आठवडा मी विसरणार नाही. त्याने अख्खी फिल्म संपवली. मी ती तातडीने धुऊन आणली आणि आम्ही पलंगावर फोटो मांडत बसलो, पत्ते मांडतात तसे. एकावर एक ठेवायचे, आईने एकेक उचलायचा, असं त्याचं ठरलं होतं. सगळ्यात वर त्याचा चेहरा, तोंडात भाताचा घास, गाल फुगलेले. म्हणजे जेवतोय, असं आईला आधी कळेल. मग खिडकीतून दिसणारी खजुराची झाडं. मग भिंतीला टेकलेल्या कुबड्या. मग पलंगाखालचा बूट, एकच.

"हा हलला आहे," मी म्हणालो. "पुसट आलाय. काढून टाक."

"हाच हवा."

"अरे, पण फोकस..."

"भाऊ," मॅडम म्हणाल्या, "ती त्याची आई आहे. तुझं गिऱ्हाईक नाही."

बूट राहिला. त्याच्यानंतर चालायच्या सरावाच्या दांड्या घट्ट धरलेले त्याचे दोन हात, शिरा टरारलेल्या. मग खाली वाकलेल्या मॅडमचं डोकं, वरून दिसणारं, भांगातले दोन पांढरे केस. ("हा पाठवायचाच आहे काय बापा?" "हो.") आणि सगळ्यात खाली तो स्वतः. अंगणात, उन्हात, पूर्ण, जसा आहे तसा, कुबड्या, एक पाय, सावली. कॅमेरा त्याने जेवणाच्या ट्रेच्या चवडीवर ठेवला होता आणि टायमर लावला होता. बटण दाबून कुबड्यांवर जागेवर पोचायला वेळ पुरत नव्हता, पुन्हा पुन्हा केलं. मी पुढे झालो तर ओरडला, "खलास, उस्ताद, तू लांब थांब."

जोडलेल्या पायाचा फोटो मी फाडायला घेतला तर त्याने हिसकावला. "राहू दे. लग्नाचं बोलायला लागले की दाखवीन."

त्या माणसाला त्याने दहादा बजावलं. आधी शेजारच्या मावशीला बोलाव. आईला बसव. मग पाकीट दे. आणि माणूस गेला.

मग काहीच नाही. तिकडचे फोन लागत नव्हते. मला कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचे फोटो दुसऱ्याच्या पाकिटात गेले. सारखं वाटायचं, ही तारेची गोष्ट मी कशाला सांगितली? ती बाई कोण, कशी, मला काय माहीत? तिचं काही बरंवाईट झालं तर? पुढच्या शुक्रवारी तो वर्गाला उठला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी मॅडमना म्हणालो, "मला हे जमत नाही. मी येत नाही आता."

"पळून जातो?" मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "नववीतून गेलास तसा? ती पाच पोरं कॅमेरे घेऊन बसली आहेत बघ. जा, त्यांना शिकव. याची काळजी मलाही आहे. दोघं मिळून करू."

मी गेलो आणि शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही.

त्यानंतर एक दिवस दुपारी स्टुडिओत फोन वाजला. मॅडम. "ये. आत्ताच्या आत्ता." इक्कांनी माझं तोंड बघितलं आणि गाडीची किल्ली उचलली. "यल्ला, चल."

वॉर्डाच्या फोनवर तो बोलत होता. रडत होता, आणि मधेच हसतही होता. मला बघून त्याने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. लांबून एका बाईचा चढलेला आवाज येत होता, भराभर, न थांबता. मला एकच शब्द कळला, उस्ताद. मी म्हणालो, "जी... अस्सलाम... जी." आणि रिसीव्हर मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी ऐकून मला सांगितलं. ती म्हणत होती, कुबड्यांचा फोटो उचलला तेव्हाच कळलं. पुढचा उचलायला हात होईना. शेजारीण म्हणाली, राहू दे आता. पण पोरगं स्वतः दाखवतंय, मग आपण नाही बघायचं असं कसं? म्हणून एकेक करून सगळे बघितले. शेवटचा भिंतीला लावलाय. आणि मग ती जी रागावली ती वेगळ्याच गोष्टीवर. शेवटच्या फोटोत शर्टाला इस्त्री नाही. तिथे इतक्या बायका आहेत, एकीला दिसलं नाही?

"म्हणजे मी!" मॅडम फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "मी काय इस्त्रीवाली हाव काय?" आणि डोळे पुसत पुन्हा अरबीत बोलायला लागल्या.

त्या दिवसानंतर तो आईशी फोनवर खरं बोलायला लागला. पायाचं माप घेतलं, नवा पाय आला, पडला, उठला, सगळं. काही महिन्यांनी चालत घरी गेला. जाताना त्याच्या निगेटिव्ह त्याने सोबत नेल्या, तो आमचा नियमच होता. ज्याने काढले, निगेटिव्ह त्याच्या. म्हणून माझ्याकडे त्यातलं आज काही नाही. वर्ग पुढे दोन-अडीच वर्षं चालला. पोरं बदलत गेली. आखडलेल्या बोटांच्या मुलीचा हात पुरता सरळ झाला नाही, पण फिल्म ती स्वतः भरायची, आणि मला भरू द्यायची नाही.

मग मॅडम मुलीच्या कॉलेजसाठी नागपूरला परतल्या. पुढे मीही आलो. आता तालुक्याच्या गावी माझा छोटा स्टुडिओ आहे. कोट ठेवलेला नाही.

मध्यंतरी फोन झाला तेव्हा त्या सांगत होत्या, महिन्यातून एकदा गडचिरोलीकडे जाते, तिकडच्या दवाखान्यात. तिकडेही पोरं आहेत, सुरुंगाने, गोळीने जखमी झालेली, कुणी नुसतीच गप्प झालेली. "कॅमेरे मी गोळा करीन," त्या म्हणाल्या, आणि मग लगेच, "बघ बाबा, तुला वेळ असला तर."

मी त्यांना फोनवर नीट उत्तर दिलं नाही. ऐनवेळी माझी जीभ अजून तशीच चिकटते. तिकडची भाषा मला येत नाही, रस्ता माहीत नाही, आणि भीती वाटते हे तर आहेच. म्हणून इथे लिहितो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. मॅडम, तुम्ही मला जे दिलंत ते परत करायला माझ्याकडे दुसरं काही नाही. मी येईन. कधी ते आज सांगता येत नाही, पण येईन, आणि तुम्ही सांगाल तेवढे शुक्रवार शिकवीन.